दोनदा भाजलेलं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बेकरीत सगळे 'भट्टी' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण पाठीमागचं तोंडावर यायला बेकरीत वेळ लागत नाही. त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरंय की. भट्टीजवळ उभं राहून फुकटची बडबड करू नये, एवढी तरी अक्कल येईल."

राग त्यांच्या नाकावर बसलेला असतो, असं आमच्या सासूबाई म्हणतात. मला ते पटत नाही. नाकावर बसलेला राग माशीसारखा असतो, हात हलवला की उडतो. जाऊबाईंचा राग जाड बुडाच्या पातेल्यासारखा. तापायला वेळ घेतो, आणि एकदा तापला की खालची आच बंद केली तरी बराच वेळ हात लावू देत नाही. इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला आहे, तेव्हा एवढं म्हणायचा अधिकार मला आहे. आणि ज्या रागाची हकीकत मी लिहायला बसले आहे, तो आता त्यांच्या एकटीचा राहिलेला नाही.

बेकरीत आधी माझे दीर होते, पीठ मळायला. पिठाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठत गेली आणि एक दिवस घराचा जिना चढता चढता ते मध्येच बसले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पिठाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. जाऊबाईंनी दोन्ही मुलींना माझ्याकडे सोपवलं, बाह्या वर सारल्या आणि नवऱ्याच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या पुरुषांनी हसून घेतलं. एक जण म्हणाला, "बाई, हे घरचं स्वयंपाकघर नव्हे."

"दिसतंय ना," जाऊबाई म्हणाल्या. "घरच्या स्वयंपाकघरात एवढा उकिरडा मी चालू दिला नसता."

मोठे मालक आत बसून ऐकत होते. ते इतके हसले म्हणे, की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी या बाईला ठेवून घेतलं. पुढे तिचा हात बघून तिला भट्टीवर घेतलं, आणि त्याहून पुढे स्वतःची एकुलती एक विद्या तिच्या हवाली केली.

ती विद्या म्हणजे त्स्वीबाक. तरुणपणी मोठे मालक एका बंदरावरच्या हॉटेलात एका जर्मन पाववाल्याच्या हाताखाली राबले होते. त्या माणसानं त्यांना शिव्या पोटभर घातल्या आणि पदार्थ हा एकच धड शिकवला. शब्द उच्चारायचा म्हणजे शिंक दातांमागे अडवून धरल्यासारखं करावं लागतं. बेकरीत कुणी तो त्रास घेतला नाही. कामगार 'सुबक' म्हणत, मग गिऱ्हाइकंही 'सुबक' म्हणू लागली. वस्तू दिसायची तशीच, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

आपण टोस्ट म्हणतो त्यातलाच तो प्रकार. पण टोस्ट दातांशी भांडतो, हा भांडत नाही. दुधात बुडवला की विरघळतो. त्यामुळे तो जायचा दात येणाऱ्या बाळांकडे, दात गेलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि पोट बिघडलेल्यांकडे. धडधाकट माणसं बेकरीतून केक घेऊन जातात. सुबक न्यायला आलेल्या माणसाच्या घरी कुणीतरी लहान, नाहीतर थकलेलं, नाहीतर अंथरुणावर असणारच. हे एक लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं समजेल.

त्याचा पाव मुळातच वेगळा. दूध, लोणी आणि थोडी साखर घालून मळलेलं मऊ पीठ, लांबट डबे. भाजून निघाला की त्या दिवशी त्याला सुरी लावायची नाही, स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काप करायचे. सकाळचे पाव गेल्यावर भट्टी उतरणीला लागते; त्या मरगळत्या आचेवर दुपारी हे काप पुन्हा आत जातात. दुसऱ्यांदा भाजणं म्हणजे खरं तर सुकवणं. आच कितपत उरली आहे ते बघायला जाऊबाई भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकत. पीठ लगेच काळवंडलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं तर ट्रे आत. मध्ये एकदा ट्रे बाहेर ओढून एकेक काप बोटांनी उलटायचा. त्यांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ट्रेच्या कडांचे चटके आहेत, पट्टीनं रेघा मारल्यासारखे.

आणि मोठ्या मालकांचा एक नियम होता. ज्यानं भाजलं त्यानं पहिला काप स्वतः खायचा. भट्टीपुढे उभं राहून, सगळ्यांदेखत, चावून, गिळून. तोवर पॅकिंगच्या बायकांनी मालाला बोट लावायचं नाही. पॅकिंगच्या टेबलावर एक मावशी आहेत. जाऊबाईंना तोंडावर 'भट्टी' म्हणायची हिंमत फक्त त्यांची. त्या रोज विचारायच्या, "काय गं भट्टी, आहेस ना जिवंत? भरायला घेऊ?"

जाऊबाई तोंडातला घास संपवून म्हणायच्या, "मेले तर पहिली तुझ्याच मानगुटीवर बसेन. घे भरायला."

आता त्या शब्दाबद्दल. कॉलेजात मी जर्मन भाषा घेतली होती. तिचा संसारात उपयोग शून्य झाला, पण हा एक शब्द माझ्या वाट्याला आला. त्यातला 'बाक' म्हणजे भाजलेलं. 'त्स्वी' म्हणजे दोन, दोनदा; पण हे दोनचं जुनं रूप. आता जर्मन माणूस दोन मोजताना ते वापरत नाही, काही जुन्या शब्दांत तेवढं ते राहून गेलं आहे. दिवस आणि रात्र यांच्यामधल्या अंधूक उजेडाच्या शब्दात ते आहे. माणसांमध्ये दुही पडते, त्या दुहीच्या शब्दातही आहे. आणि एका शब्दात पावाशेजारी जाऊन बसलं आहे. बरं, ही कल्पनाही जर्मन लोकांची स्वतःची नाही. इटलीतल्या पदार्थाचं नाव त्यांनी आपल्या भाषेत उतरवून घेतलं. आपण चहात बुडवतो त्या 'बिस्किट' शब्दाचं मूळही तेच, दोनदा शिजवलेलं. पाव दोनदा भाजायचा तो त्यातलं पाणी घालवायला. पाणी गेलं की बुरशी धरत नाही. जहाजावर जाणाऱ्यांना, लांबच्या वाटेला लागणाऱ्यांना चांगला पाव पुढेही चांगलाच मिळावा, म्हणून केलेली ही खटपट. चांगला पाव टिकावा म्हणून दुसरी आच. मी हे जाऊबाईंना एकदा सगळं सांगितलं होतं. त्या भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "एवढं शिकून हेच सांगायचं होतं होय? ते मला आच सांगते."

मोठे मालक थकले. गुडघे गेले, मग आठवण जायला लागली. आता ते बेकरीच्या वरच्या खोलीत असतात. रोज दुपारी दूध आणि दोन सुबक, एवढाच काय तो त्यांचा मनापासूनचा आहार. वेळ झाली की काठीनं जमिनीवर ठोकतात, आणि खाली दुकानात छतातून ठकठक ऐकू येतं.

कारभार त्यांच्या लेकाकडे, म्हणजे छोट्या मालकांकडे आला. हा मुलगा लहानपणी बेकरीत पिठाच्या पोत्यांवर झोपायचा. त्याचे दात येत होते तेव्हा जाऊबाईंनीच त्याच्या हातात सुबक दिला होता. तो त्यांना काकू म्हणतो. मनानं वाईट नाही, असं सासूबाई म्हणतात. मनात काय आहे ते त्याला आणि देवाला ठाऊक. मी हात काय करतात ते बघते. आल्या आल्या त्यानं दुकानाला काच लावली, दिवे लावले आणि सुबकचं नवं पाकीट छापून आणलं. त्यावर 'त्स्वीबाक' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात, 'मूळ जर्मन शब्द. अर्थ : दोनदा भाजलेलं.' मला ते पाकीट बघून आनंदच झाला होता, हे कबूल करते.

शहरातल्या छोट्या दुकानांमधून न खपलेले साधे पाव बेकरीत परत येतात. मोठ्या मालकांच्या वेळी ते गुरांच्या गोठ्यात जात. मध्यंतरी ते जिन्याखालच्या खोलीत साठायला लागले. जाऊबाईंनी विचारलं, तर "गाडीवाला येत नाही हल्ली," असं उत्तर मिळालं. आणि मग एका दुपारी त्या भट्टीपाशी आल्या, तर ट्रेमध्ये काप आधीच मांडून ठेवलेले. साध्या पावाचे. चारही कडा कापून चौकोनी केलेले, वरून गोड दुधाचा हात आणि वेलचीची पूड. जाऊबाईंनी जिन्याखालची खोली उघडून बघितली. कोपऱ्यात कापलेल्या कडांचं पोतं होतं. कडा हिरव्या होत्या.

छोटे मालक म्हणाले, "काकू, खराब भाग काढलाय सगळा. आणि दुसऱ्या भाजण्यात काय राहतंय? सगळं मरतं."

"मेलेलं कुणाला खायला घालायचं?"

"शब्दानं शब्द वाढवू नका. नावातच आहे ना, दोनदा भाजलेलं? हे एकदा भाजलेलं आहे, तुम्ही दुसऱ्यांदा भाजा. झालं त्स्वीबाक. कुठला पाव, कधीचा पाव, हे त्या शब्दात कुठं लिहिलंय?"

जाऊबाईंनी ते काप भाजले. हो, भाजले. घरी छातीनं अधू नवरा, दर महिन्याची औषधं, आणि त्या वयात दुसरी भट्टी कोण देणार? काप बाहेर आले. पॅकिंगच्या मावशी टेबलावरून बघत होत्या. जाऊबाईंनी पहिला काप उचलला, नाकाशी नेला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. मावशींचे हात टेबलावर तसेच राहिले. मग छोटे मालकच म्हणाले, "नसेल खायचा तर नका खाऊ. कुठल्या जमान्यातले नियम घेऊन बसलात! भरायला घ्या." आणि मावशींनी भरायला घेतलं. त्यांनाही घर आहे.

हे मला त्या दिवशी काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं पोट बिघडून आठवडा झाला होता. त्या पेज आणि सुबक यांच्यावर होत्या, म्हणून संध्याकाळी मी बाजारातून येताना दुकानातून एक ताजं पाकीट घेऊन आले. दूध गरम केलं. सासूबाईंनी काप बुडवला आणि तोंडाशी नेला, तेवढ्यात जाऊबाई कामावरून आल्या. त्यांनी टेबलावरचं पाकीट बघितलं. पुढे होऊन सासूबाईंच्या हातातला काप हिसकावला आणि दुधाचा कप मोरीत ओतला.

दीर खाटेवरून ओरडले, "अगं, वेड लागलं का? म्हातारीच्या तोंडातला घास काढतेस?" ओरडल्यानं त्यांना खोकल्याची उबळ आली.

सासूबाई रडवेल्या झाल्या. "हिला मी जड झालेय. आज हिचं लक्षणच ठीक नाही."

"आई, खाल्लात का त्यातलं? एक तरी घास खाल्लात का?" जाऊबाईंनी त्यांच्या हनुवटीला धरून तोंड उघडून बघितलं, लहान मुलाचं बघतात तसं.

"नाही गं बाई. तू खाऊ दिलंस कुठे?"

तेव्हा जाऊबाई खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, ते वाईट लक्षण होतं. मी पाकीट हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कुठल्या वाटेनं जाते ते मला त्या दिवशी कळलं. ज्या शब्दाचं मी कौतुक केलं होतं, त्याच शब्दामागे हा माणूस बुरशीचा पाव लपवत होता.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही भाजलेत हे?"

"भाजले."

"आणि आपल्या म्हातारीला वाचवलंत. बाकीच्यांच्या म्हाताऱ्यांचं काय?"

दीर म्हणाले, "तू गप्प बस गं. तिची नोकरी गेली तर माझी औषधं तू आणणार आहेस?"

"ती आणीनच," मी म्हटलं. तशी सोय आमच्याकडे नव्हती, पण रागात माणूस श्रीमंत असतो.

जाऊबाई उठल्या, आणि ते पातेलं घासायला घेतलं जे आधीच घासलेलं होतं. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते पाकीट घेऊन दुकानात गेले. परत करायला म्हणून गेले, पण खरं सांगायचं तर भांडायला गेले. काउंटरपुढे एक बाई कडेवर लाळ गळणारं बाळ घेऊन उभी होती. काउंटरवर मोठी काचेची बरणी असते, सुट्टे सुबक ठेवायची. ती रिकामी होती. छोटे मालक त्या बाईला सांगत होते, "दोनच मिनिटं थांबा, आतून ताजे येताहेत."

मी पाकीट काउंटरवर आपटलं. "हे परत घ्या."

"काय झालं, वहिनी? मऊ पडलेत का?"

"मऊ पडले असते तर बरं होतं. जिन्याखालचे आहेत हे."

त्यांनी बाळवाल्या बाईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. हे बघा, पाकिटावर आम्ही काय लिहिलंय? दोनदा भाजलेलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा मला, हा अर्थ बरोबर आहे की नाही?"

"बरोबर आहे. भात म्हणजे शिजवलेला तांदूळ, हाही अर्थ बरोबर आहे. म्हणून तुमच्या ताटात किडके तांदूळ शिजवून वाढले आणि म्हटलं की 'भात' शब्दात किड्यांचं कुठं काही लिहिलंय, तर जेवाल?"

"तुम्ही विषय भलतीकडे नेताय."

"विषय तिथेच आहे. दुसरी आच चांगल्याला टिकवायला असते. घाणीला कपडे चढवायला नसते. बुरशी मेली तरी तिनं मागे ठेवलेलं सगळंच आचेनं जातं असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते काही म्हणणार, तेवढ्यात आतल्या दारातून जाऊबाई आल्या. दोन हातांत दोन ट्रे. मागे मावशी, कमरेवर हात ठेवून. जाऊबाईंनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. ट्रे काउंटरवर ठेवले. दोन्हींत बदामी काप, सारखेच चौकोनी, सारखीच चकाकी, सारखाच वेलचीचा वास.

"काकू, ट्रे इथे कशाला आणलेत? आत भरायला द्या ना."

"इथंच भरू," जाऊबाई म्हणाल्या. "छोटे मालक, सकाळी तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. सगळ्यांना ऐकू दे, काय सांगितलं होतं ते."

"नंतर बोलू."

"मी सांगते. मला म्हणालात, बाबांसाठी वेगळे भाजा. दुधाच्या पिठाचा पाव लावा, कालचा, कापडातला. बाबांचं पोट नाजूक आहे." त्यांनी डावा ट्रे दाखवला. "हे तुमच्या बाबांचे. आणि हे," उजवा दाखवला, "हे या बाळाचे."

बाळवाल्या बाईनं बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, काउंटरपासून लांब.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर सकाळी सकाळी स्वतःच्या तोंडानं चांदणं पाडून झालं होतं. मला या गोष्टीचा पत्ताच नव्हता. मी शब्दाचा अर्थ घेऊन भांडायला आले होते. आणि या माणसाला अर्थ माझ्याइतकाच ठाऊक होता. बापासाठी सांगताना त्याला बरोबर आठवलं होतं, कुठला पाव आणि कधीचा पाव.

जाऊबाईंनी डावा ट्रे उचलला आणि बरणीत रिकामा केला. मग उजवा ट्रे उचलला आणि त्याच बरणीत रिकामा केला. कोपरापर्यंत हात घालून काप वरखाली केले, पीठ कालवावं तसे. काप एकमेकांवर खळखळ वाजले.

"तुम्ही सांगितलं होतं त्याच मापात मी बाबांचेही कापले," त्या म्हणाल्या. "गोड दूध, वेलची, सगळं तसंच. आता यातले दोन घ्या आणि वर नेऊन द्या. वेळ झालीच आहे."

आणि खरंच, जणू कुणी सांगितल्यासारखं, छतातून आवाज आला. ठक. ठक.

छोटे मालक बरणीकडे बघत राहिले. "काकू, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? सगळेच दोनदा भाजलेले आहेत. तुझ्या पाकिटावर लिहिलंय तसे. घे की. हात का जात नाही?" 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते त्यांनाही कळलं नसेल. "तुझे दात यावर आलेत रे! माझ्या मांडीवर बसून चोखलायस तू. तेव्हा मी तुला जिन्याखालचा दिला असता तर?"

ठक. ठक. ठक. वरून आता घाई आली होती.

"मावशी, वरती साधा पाव पाठवा दुधाबरोबर," छोटे मालक म्हणाले.

"साधा पाव त्यांना चावत नाही," मावशी म्हणाल्या, आणि कमरेवरचा हात हलवला नाही.

बाळानं बरणीकडे हात केला आणि आईनं तो हात मुठीत धरला. मग ती बाई वळली आणि काही न घेता निघून गेली. जाताना पायरीवर थांबून तिनं दुकानाची पाटी वर मान करून वाचली.

जाऊबाईंनी ॲप्रनच्या खिशातून एक स्वच्छ फडकं काढलं. उघडलं. आत तीन काप होते. "त्या म्हाताऱ्याचं काय पाप?" त्या म्हणाल्या. एक काप तोंडात घातला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत, चावून खाल्ला. छोट्या मालकांच्या डोळ्यांत बघत. गिळला. मग उरलेले दोन घेऊन, दुधाचा पेला उचलून, त्या त्यांच्या अंगावरूनच जिना चढून वर गेल्या. मी मागून गेले. पेला काठोकाठ भरलेला होता.

मोठे मालक खिडकीशी बसले होते. ते आताशा लेकालाही कधी कधी परका समजतात. पण जाऊबाईंना बघून म्हणाले, "उशीर केलास. आच उतरत नव्हती का?"

"हो. जरा जास्त तापली होती."

त्यांनी काप दुधात बुडवला आणि तोंडाशी नेऊन थांबले. "पहिला खाल्लास ना?"

"आज खाल्ला," जाऊबाई म्हणाल्या.

तो 'आज' त्यांच्या लक्षात आला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि खायला लागले. खाऊन होईपर्यंत जाऊबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती.

खाली आलो तेव्हा बरणी काउंटरवर नव्हती. छोटे मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

जाऊबाईंनी ॲप्रन काढून घडी केली. "येत नाही. उद्याच्या दुधाच्या पावाचं पीठ भिजवून ठेवलंय, मोठ्या पातेल्यात. ते फार आंबायच्या आत भाजा. माझ्यावरच्या रागानं पीठ फुकट घालवू नका."

त्या दिवशीचा माल गोठ्यात गेला, असं मावशींनी सांगितलं. गुरांनी काय पाप केलं होतं, तेही विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी भट्टीवर एक नवा माणूस आणला. त्यानं काप भाजून बाहेर काढले, तर मावशी आणि बाकीच्या बायका टेबलावर हात ठेवून नुसत्या बसल्या. "पहिला खा," मावशी म्हणाल्या. त्यानं ट्रेकडे बघितलं, जिन्याखालच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, मला गोड चालत नाही. त्या दिवसापासून दुकानात सुबक बंद आहे. मोठ्या मालकांसाठी दूध आणि दोन काप रोज दुपारी आमच्या घरून जातात, मावशी नेतात.

कारण आमच्या स्वयंपाकघरात आता एक पत्र्याचा जुना ओव्हन आहे, दिरांनी कुठून तरी मिळवलेला. पिठाशी त्यांना जाता येत नाही, म्हणून ते दारात खुर्ची टाकून लांबून सूचना देतात आणि शिव्या खातात. शेजारच्या चार घरांमधून सुबक मागायला येतात. औषधांची ओढाताण आहे. नाही असं कोण म्हणेल? मी शिकवण्या धरल्या आहेत. महिनाअखेर आम्ही दोघी ओट्यापाशी पैसे मोजत बसतो.

मध्ये छोट्या मालकांनी मावशींबरोबर निरोप पाठवला होता. झालं गेलं विसरा, राग सोडा, या परत. बाबांचं नाव आहे या मालाला.

जाऊबाई ट्रे उलटत होत्या. म्हणाल्या, "त्याला सांग, इथे ये. जिन्याखालच्या पावाचा एक काप घेऊन ये, माझ्यासमोर उभा राहा आणि खा. मग राग सोडायचं बघते."

तो अजून आलेला नाही. माझ्या मते येणारही नाही.

सासूबाई म्हणतात, इतका राग बरा नव्हे, माणसाचं रक्त आटतं. म्हणतात आणि कप पुढे करून बसतात. पण कापाला हात लावत नाहीत. ओव्हनपुढे जाऊबाई उभ्या असतात, पहिला काप तोंडात, कपाळाला आठी, नजर आमच्या सगळ्यांवर. आणि दारातून दीर विचारतात, "काय गं भट्टी, आहेस ना जिवंत?"

त्या घास संपवतात. मग आम्ही हात पुढे करतो.